अरणगावच्या टेकडीवरचं ‘बिगिन द बिगीन’

नगरहून दौंड रस्त्याने निघालं की नऊ-दहा किलोमीटरवर अरणगाव लागतं. तिथल्या मेहेराबादच्या टेकडीवर मौनी संत मेहेरबाबांची समाधी आहे. ३१ जानेवारी १९६९ रोजी बाबांनी देह ठेवला आणि ७ फेब्रुवारीला समाधी बंद करण्यात आली. पारशी पंचांगाप्रमाणे तो त्यांचा जन्मदिवस होता. त्या दिवसांत बाबांच्याच इच्छेनुसार तिथं एक गाणं वाजवलं गेलं. ते अभंगही नव्हतं आणि कव्वालीही नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी कोल पोर्टर यांनी लिहिलेलं आणि स्वरबद्ध केलेलं ते प्रेमगीत होतं, ‘बिगिन द बिगीन’.

नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, पिंपळनेरला निळोबारायांनी अभंग रचले, आणि दासगणू महाराजांचं जन्मगाव अकोळनेर तर याच परिसरातलं. अशा जिल्ह्यात हे गाणं पाहुणं वाटावं, हे साहजिक आहे. मला मात्र ते कधीच पाहुणं वाटलं नाही. अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या स्मृतिदिनी, मेहेराबादच्या मांडवात ते प्रथम ऐकलं, तेव्हा अर्धे शब्द कळले नव्हते; चाल तेवढी बरोबर आली. पुढे शब्द कळले, रचना कळली, आणि बाबांनी हेच गाणं का निवडलं असावं याचा उलगडा मला त्या रचनेतच होत गेला.

‘बिगीन’ हा मार्टिनिक आणि ग्वादलूप या कॅरिबियन बेटांवरचा नृत्यप्रकार. पोर्टर यांचं गाणं १९३५ सालच्या ‘ज्युबिली’ या संगीतिकेतलं. त्याचा विषय साधा आहे. कुठंतरी वाद्यवृंद ही नृत्याची धून सुरू करतो आणि ऐकणाऱ्याला समुद्रकाठची एक जुनी रात्र आठवते. तिथं दोघांनी आणाभाका घेतल्या होत्या. पुढं ताटातूट झाली. म्हणजे हे गाणं आठवणीबद्दल आहेच, पण त्याहून नेमकं सांगायचं तर एका चालीने जागी होणाऱ्या आठवणीबद्दल आहे. ती रात्र पुन्हा जगणं माणसाच्या हातात नाही, फक्त ती धून काळजाला हात घालते तेवढा वेळ ते घडतं, असं गाणारा मध्यावर कबूल करतो.

आता रचना पाहा. त्या काळच्या अमेरिकी लोकप्रिय गाण्यांचा ठरलेला साचा ३२ बारांचा, म्हणजे तालाच्या ३२ खंडांचा. पोर्टर यांनी इथं १०८ बार घेतले. पहिली चाल दोनदा येते, मग एक वेगळी चाल, मग पुन्हा पहिली. इथवर कान निर्धास्त असतो. त्यानंतर मात्र एक तिसरीच चाल सुरू होते, ती दोनदा येते, आणि दुसऱ्या वेळी लांबत जाते. ध्रुवपदाला परतण्याची सवय असलेला आपला कान पहिल्या चालीची वाट पाहत राहतो. गाण्याचं नाव शब्दांत पुन्हा पुन्हा येतं, पण ती पहिली चाल शेवटी परत येत नाही. ‘गेलेलं परत येत नाही’ हे शब्दांनी मध्यावर सांगितलेलं शेवटी स्वरांनीही सांगून टाकलेलं आहे.

या गाण्याचा गाभा त्या शेवटच्या, दोनदा येणाऱ्या चालीत आहे. पहिल्या वेळी गाणारा विनवतो: ती धून सुरू करू देऊ नका, विझत आलेलं प्रेम राखेखालीच राहू द्या. लगेच तीच चाल पुन्हा सुरू होते आणि आता तो उलटंच म्हणतो: वाजवू द्या, ते जुने तारे पुन्हा वर उगवेपर्यंत वाजवायला लावा. चाल तीच, मागणं नेमकं विरुद्ध. मधे कुठलं स्पष्टीकरण नाही, कुणी समजूत घातलेली नाही. आठवण सोसवत नाही म्हणून दार लावून घेणारा माणूस दुसऱ्याच क्षणी ते सताड उघडतो. या वळणावर गायकाची खरी परीक्षा असते. नकार दुबळा झाला तर पुढचा होकार पोकळ वाटतो. गायिका एला फिट्झजेराल्ड यांनी १९५६ साली कोल पोर्टर यांच्या गीतांचा जो संग्रह ध्वनिमुद्रित केला, त्यात हे गाणं आहे. ते ऐकताना या वळणाकडे मुद्दाम लक्ष द्यावं.

‘ज्युबिली’च्या वेळी हे गाणं फारसं गाजलं नव्हतं. १९३८ साली क्लॅरिनेटवादक आर्टी शॉ यांनी त्याची शब्दांवाचून तबकडी काढली आणि ते जगभर पोचलं. जेरी ग्रे यांनी वाद्यमेळ बांधताना मूळ नृत्याची लय काढून तिथं स्विंग या जॅझ शैलीचा चार मात्रांचा ठेका आणला. सुरुवातीलाच वाद्यांची जोरकस उठावण होते, मग क्लॅरिनेट चाल हाती घेतं. शेवटाला ते मींड घ्यावी तसं घसरत वरच्या स्वरावर जातं. शब्द पुरते गेले, लय बदलली, तरी हुरहुर शाबूत राहिली. याचा अर्थ ती शब्दांच्या आधारावर उभी नव्हतीच.

आणि इथंच मेहेरबाबांची आवड मला समजू लागते. १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत बाबा बोलले नाहीत. १९५४ पर्यंत ते अक्षरफलकावर बोट फिरवून संवाद साधत, पुढं तोही सोडून फक्त हातांच्या खुणा. बोलणं सोडलं, पण संगीत कधी सोडलं नाही. कव्वाली आणि गझल त्यांना अतिशय प्रिय. ढोलक वाजवतानाची त्यांची छायाचित्रं आहेत. हाफिज हा त्यांचा लाडका कवी. हाफिजच्या परंपरेत ईश्वर हा ‘प्रियतम’ असतो, आणि विरह ही त्याच्याकडे जाणारी वाट असते. अशा कानाने ‘बिगिन द बिगीन’ ऐकलं की समुद्रकाठची प्रेमिका मागं पडते आणि उरते ती ताटातुटीची कळ. कळ नको म्हणणं, आणि मग ‘नाही, हवीच’ म्हणणं, हा तर साधकाचा रोजचा झगडा.

आपल्यालाही हा कान नवा नाही. ज्ञानदेवांच्या विरहिण्या आपण प्रेमगीत म्हणून ऐकतो की भक्तिगीत म्हणून? दोन्ही एकदमच. त्या ऐकत वाढलेल्या माणसाला पोर्टर यांच्या गाण्यातला हा दुसरा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. पोर्टर यांनी तो मनात धरला होता, असा माझा दावा नाही. गाणं कोणत्या मातीत वाजतं यावरही त्याचा अर्थ ठरतो, एवढंच म्हणायचं आहे.

बाबांच्या आवडीचं आणखी एक इंग्रजी गाणं म्हणजे अमेरिकी गायक जिम रीव्ह्‌ज यांचं ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’. तेही मागं लागलेल्या दुःखाचंच. ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचे पीट टाउनशेंड बाबांचे अनुयायी झाले आणि त्यांनी ही दोन्ही गाणी स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या १९७१ सालच्या ‘बाबा ओ’रायली’ या जगप्रसिद्ध गाण्याच्या नावातले ‘बाबा’ हे आपल्या अरणगावचेच. दोन्ही आवडत्या गाण्यांत मला ‘बिगिन द बिगीन’ सरस वाटतं. रीव्ह्‌ज यांचं गाणं दुःखाची सोबत मान्य करून थांबतं. पोर्टर यांचं गाणं दुःखाला नकार देऊन, मग त्यालाच बोलावून, पुढं जातं.

आपली आवड आपल्या भाषेने, घराण्याने आणि गावाने ठरते, असं आपण सहज बोलून जातो. पुण्यात इराणी घरात जन्मलेला, हाफिज आणि कव्वालीत रमणारा, नगरच्या माळावर राहिलेला एक मौनी माणूस शेवटच्या निरोपासाठी ब्रॉडवेवरचं गाणं निवडतो, तेव्हा ते विधान अपुरं पडतं. आवड ओळखीवर नाही, खुणेवर जमते. आपल्या आतली कळ ज्या चालीत सापडते ती चाल आपली.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. आधी आर्टी शॉ यांची १९३८ ची तबकडी ऐका, म्हणजे चाल मनात बसेल. मग एला फिट्झजेराल्ड यांचं गायन शब्दांसकट ऐका. आणि ३१ जानेवारीला जमलं तर मेहेराबादला या. दुपारी बारा ते सव्वाबारा तिथं हजारो माणसं एकत्र मौन पाळतात. त्या मौनानंतर हे गाणं मनात कसं उमटतं, ते प्रत्येकाने स्वतःच अनुभवावं.