जयचं नाणं आणि राधाची खिडकी

मंडळी, 'शोले'तला रेल्वेगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग आपल्या पनवेलजवळ चित्रित झाला, हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. आज मात्र आम्ही थोडी तक्रारही करणार आहोत.

दोन भुरटे चोर आणि एक माजी पोलीस अधिकारी. ज्याच्यापाशी कायदा, त्याला हात नाहीत. ज्यांना हात आहेत, त्यांच्यापाशी कायदा नाही! अशी ही विजोड टोळी. अडलं की जय नाणं उडवतो, आणि आपण हसतो; वाटतं, गडी दैवावर विसंबलाय. शेवटी कळतं, नाण्याला दोन्हीकडे छापाच. म्हणजे दैव नव्हतंच; निर्णय त्याचाच होता, मरणाचासुद्धा. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे इतक्या सोपेपणाने आम्हाला वर्गात कधी सांगता आलं नाही.

पण राधाचं काय? विधवेच्या लग्नाची बोलणी करायची आणि लगेच नवऱ्या मुलालाच मारायचं! धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी लग्न करून दाखवलं. १९७५ सालचा पडदा तिथे कच खातो. राधाची खिडकी बंद होते, आपण डोळे पुसतो, आणि दैवाला दोष देतो. पण लेखकांचं नाणंही दोन्हीकडून सारखंच होतं, बघा.