पोराचा वाटा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी मुलांचा गोतावळा जमला, की एखादा जुना चित्रपट दाखवण्याचे काम माझ्याकडे येते. गेल्या खेपेस चॅप्लिनचा ‘द किड’ लावला. १९२१ सालचा मूकपट. पण चिवड्याच्या बशा मुलांच्या हातात तशाच राहिल्या. चित्रपट संपला आणि पुतण्याच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले, “आजोबा, त्या मुलाला किती पैसे मिळाले?”

तिने असे विचारावे याला कारण होते. तिच्या नकला तिचे आईवडील मोबाइलवर टिपतात, हजारो माणसे त्या पाहतात आणि जाहिरातींचे पैसे घरी येतात. मी मात्र इतकी वर्षे चित्रपटांवर लिहीत आलो. हा प्रश्न मला कधी सुचला नाही!

उत्तर शोधायला मी चित्रपट पुन्हा पाहिला. टाकून दिलेले मूल एक फाटका माणूस वाढवतो. पोर दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडते आणि मागून हा पाठीवर काचा घेऊन हजर! आपण पोट धरून हसतो. पण पोराच्या जिवावर चाललेला हा घरधंदाच आहे. चॅप्लिनला ते कळत नव्हते असे कसे म्हणावे? तो स्वतः लंडनच्या दारिद्र्यात वाढला, निराधारांच्या ‘वर्कहाउस’मध्ये राहिला आणि कोवळ्या वयातच रंगभूमीवर पोटासाठी उभा राहिला. म्हणूनच मला न्याहारीचा प्रसंग थोर वाटतो. पोर धिरडी करते आणि तो फाटका माणूस त्या थप्पीचे दोघांत समान वाटे करतो. या चित्रपटातली माया मुक्यांपेक्षा त्या वाटणीत अधिक आहे.

आता तो प्रसिद्ध रडण्याचा प्रसंग घ्या. सरकारी माणसे पोराला ओढून नेतात आणि ते हात पसरून आक्रोश करते. ते काम करणारा जॅकी कूगन चित्रणाच्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा होता. चॅप्लिनने आत्मचरित्रात सांगितले आहे, की जॅकीला रडू येईना. तेव्हा त्याच्या वडिलांनी, रडला नाहीस तर खरोखरच वर्कहाउसमध्ये धाडू, असा दम भरला. चॅप्लिनने नंतर त्याला कडेवर घेऊन समजावले, तर तो कानात पुटपुटला, की बाबा थट्टा करीत होते हे त्याला ठाऊकच होते.

अशा अभिनयाला आम्ही टीकाकार ‘निरागस’, ‘सहज’ म्हणून मोकळे होतो. हे शब्द गोड खरे. पण त्यांनी एक घोटाळा केला आहे. जे सहज, ते खेळ. आणि खेळाला मजुरी कसली? मुलाचे श्रम नाहीसे करण्यात आमच्या विशेषणांचाही हात आहे.

बापाच्या थट्टेवर विश्वास ठेवणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय झाले? बालपणी त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर मिळवले असा अंदाज आहे. १९३५ साली वडील मोटार अपघातात गेले. सज्ञान झाल्यावर त्याने आपले पैसे मागितले, तर आई आणि सावत्र वडील ते देईनात. अज्ञान मुलाची कमाई आईबापांची, असाच तिथला कायदा होता. १९३८ साली त्याने दावा लावला. तो मिटला तेव्हा सुमारे १ लाख २६ हजार डॉलर हाती आले. या प्रकरणातून १९३९ साली कॅलिफोर्नियात कूगनच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. तरी बालनटाची कमाई त्याचीच, हे त्या कायद्यात निःसंदिग्धपणे यायला २००० साल उजाडले. किमान १५ टक्के रक्कम त्याच्यासाठी बाजूला ठेवण्याची सक्तीही तेव्हाच आली.

आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायला सांगितला आहे. काम दिवसाला पाच तासांहून अधिक नाही आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. पण निर्माता म्हणजे बाप आणि स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघर असेल, तेव्हा घड्याळ कोणी पाहायचे? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १ जुलै २०२४ पासून अशा घरगुती चित्रफितींतल्या मुलांचाही वाटा बाजूला ठेवणे आईबापांवर बंधनकारक केले आहे.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. तो जरा दुखावला. “काका, आम्ही का परके आहोत? घरातलेच पैसे ना?” मी म्हणालो, “अरे, भाऊबिजेला तिच्या तबकात पडलेली ओवाळणी तू घरखर्चाला घेतोस का?” तो काही बोलला नाही.

आईबाप लबाड असतात असे मला म्हणायचे नाही. पण प्रेम आहे म्हणून हिशेब नको, हे म्हणणे चॅप्लिनच्या त्या फाटक्या माणसालाही पटले नसते. त्याने धिरडी मोजली होती.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याने मुलीच्या नावाचे बँकेचे पुस्तक मला दाखवले. रक्कम मी पाहिली नाही. तिने मात्र दोनदा वाचली.