पडद्यावरून मैफलीत : हिमगौरीच्या एका गीताचे पुनराविष्कार

चित्रपटगीत हे स्वतंत्र गीत नव्हे, ही गोष्ट वारंवार मान्य केली जाते आणि तितक्याच वेळा विसरली जाते. ते एका पात्राच्या मुखी घातलेले असते, एका विशिष्ट प्रसंगासाठी रचलेले असते, आणि त्याच्या अर्थाचा बराचसा भार डोळ्यांपुढील चित्राने उचललेला असतो. सचेतनपटाच्या बाबतीत हे बंधन अधिकच घट्ट होते. हाडामांसाचा नट गाणे संपल्यावरही पडद्यावर उरतो. रेषांनी घडविलेली राजकन्या मात्र आवाजावरच जगते आणि आवाज थांबला की पुन्हा रेषा होऊन बसते. असे गीत त्या पात्रापासून सोडवून दुसऱ्या कोणी गायिले अथवा वाजविले, तर त्यातून काय वजा होते आणि काय शिल्लक राहते, हा प्रश्न केवळ संगीताच्या अभ्यासकापुरता मर्यादित नाही. कलाकृतीचा अर्थ तिच्या पहिल्या संदर्भात किती असतो आणि तिच्या घडणीत किती असतो, या जुन्या वादाचाच तो एक भाग आहे.

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात अशा पुनराविष्काराला ‘कव्हर’ म्हणतात. या शब्दाला तुच्छतेची छटा चिकटली ती अकारण नव्हे. १९५०च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकांची लोकप्रिय होऊ लागलेली गाणी गोऱ्या गायकांकडून तातडीने गाऊन घेऊन मोठ्या बाजारपेठेत विकण्याची प्रथा बोकाळली होती. लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ पॅट बून याने १९५६ मध्ये गायिले, ते या प्रथेचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा ठिकाणी पुनराविष्कार म्हणजे मूळ गाण्याचे कंगोरे घासून ते निरुपद्रवी करणे. परंतु त्याच दशकाच्या उत्तरार्धात याच्या नेमका उलटा व्यवहार दुसरीकडे घडत होता. मुलांसाठीचे, निरुपद्रवी म्हणून गणले गेलेले एक गीत जाझच्या वादकांनी हाती घेतले आणि त्यात दडलेली अस्वस्थता बाहेर काढली. ते गीत म्हणजे ‘समडे माय प्रिन्स विल कम’.

वॉल्ट डिझ्नीचा पहिला पूर्ण लांबीचा सचेतनपट ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस अँजेलिस येथे प्रथम दाखविला गेला. मराठी बालवाचकांना ही कथा ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या नावाने चांगली परिचित आहे. गीताची रचना लॅरी मोरी याची, चाल फ्रँक चर्चिल याची, आणि हिमगौरीचा आवाज एड्रियाना कॅसेलॉटी या तरुण गायिकेचा. तिचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदवावयास हवी. पात्र सर्वस्वी रेषांचे आहे असा भास टिकविण्यासाठी आवाजाची मालकीण नाहीशी करण्यात आली, असेच त्याचे कारण कोणाला वाटेल.

ग्रिम बंधूंच्या १८१२ मधील कथेत हिमगौरी राजपुत्राची वाट पाहत नाही. तो अखेरीस येतो आणि काचेच्या पेटीवर भाळतो, इतकेच. प्रतीक्षा ही चित्रपटाची भर आहे, आणि ती मुख्यतः या एका गीतानेच घातलेली आहे. ते चित्रपटात तीनदा येते. पहिल्यांदा हिमगौरी रात्री बुटक्यांना प्रेमकथा सांगावयाची म्हणून ते गाते. दुसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात पाय लाटीत असता तेच गात असते, आणि गाणे चालू असतानाच तिच्यावर सावली पडते. जिची वाट पाहिलेली नाही ती चेटकीण खिडकीत उभी असते. तिसऱ्यांदा, राजपुत्र तिला घेऊन जात असता, तेच गीत वृंदगानाच्या रूपाने येते. आशा, तिचा भंग आणि तिची पूर्ती असा हा क्रम आहे. यांतील दुसरे स्थान सर्वांत मार्मिक आणि तिसरे सर्वांत दुबळे, असे म्हणावे लागते. कारण ‘केव्हा तरी’ या शब्दात जी अनिश्चितता आहे ती वृंदगानाच्या भव्य गजरात पुसून जाते. गीताला उत्तर मिळते, आणि उत्तर मिळताच ते लहान होते.

गीत चित्रपटाबाहेर आले की प्रथम हे उत्तर गळून पडते. राजपुत्र नाही, घोडा नाही, सोनेरी किल्ला नाही. आणि वादकांच्या हाती तर शब्दही नाहीत. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या परिभाषेत सांगावयाचे, तर उरतात ते केवळ नादाकार आणि त्यांच्यातील संवाद, विरोध व समतोल यांचे संबंध. अशा कसोटीला किती चित्रपटगीते उतरतील, हा प्रश्नच आहे. चर्चिलची ही चाल उतरते, आणि त्याचे कारण तिच्या पहिल्या दोन मात्रागटांतच सापडते. जाझमध्ये रूढ झालेल्या पाठात आरंभीच्या स्थिर, सुखद स्वरमेळानंतर लगेच पंचम वाढविलेला एक अस्वस्थ मेळ येतो. घरात पाऊल टाकावे आणि पायाखालची फरशी किंचित हलावी, तसा हा अनुभव आहे. त्रिमात्रिक वॉल्ट्झचा झोका मनाला जे आश्वासन देतो, ते हा मेळ दुसऱ्याच क्षणी काढून घेतो.

डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीने १९५७ मध्ये ‘डेव्ह डिग्ज डिझ्नी’ ही तबकडी केली, तीत हे गीत आहे. पॉल डेझ्मंडचा आल्टो सॅक्सोफोन त्यात इतका निर्मळ वाजतो की मूळ सोप्रानो आवाजाची आठवण पुसली जात नाही. ब्रुबेकने चालीचा आदर केला. तिला प्रश्न विचारला नाही. त्रिमात्रिक ठेक्यावर जाझ वाजविणे त्या वेळी फारसे रूढ नव्हते, आणि दोनच वर्षांनी ‘टाइम आउट’मध्ये ब्रुबेकने अपरिचित मात्रागटांचे जे प्रयोग केले ते लक्षात घेता, त्याला या गीतात तालाचे आकर्षण अधिक होते असे मानण्यास जागा आहे. ही तबकडी आजही आनंद देते, परंतु ऐकून झाल्यावर मूळ गीताविषयीचे मत जसेच्या तसे राहते.

बिल एव्हन्सच्या २८ डिसेंबर १९५९ रोजीच्या मुद्रणाने ते राहत नाही. ‘पोर्ट्रेट इन जाझ’ या तबकडीतील या त्रयीत पियानोबरोबर स्कॉट लाफारोचा बास आणि पॉल मोशनचे ढोल आहेत. बास या वाद्याचे परंपरागत काम मात्रा दाखविण्याचे. लाफारो ते काम सोडून मधूनमधून बोलू लागतो, पियानोचे वाक्य अर्धवट तोडतो, कधी त्याच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होतो. मूळ गीत हे एकटीचे मनोगत होते. येथे ते संभाषण झाले आहे. गतीही काहीशी चढी आहे, त्यामुळे प्रतीक्षेचा हळवेपणा जाऊन तिच्या जागी उत्सुकता येते. शब्दांचा आधार नसताना गीताचा भाव असा बदलता येतो, ही गोष्ट रागसंगीताच्या अभ्यासकाला नवी वाटू नये. एकाच बंदिशीतून भिन्न वृत्तीचे गवई भिन्न स्वभाव उभे करतातच. मराठी रसिकाला तर त्याहूनही जवळचे उदाहरण आहे. खाडिलकरांच्या १९१६ मधील ‘संगीत स्वयंवर’ नाटकात रुक्मिणीही वाट पाहणारीच नायिका आहे, आणि तिच्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली पुढे नाटक बाजूला ठेवून मैफलींतून गायिल्या गेल्या. तेथे नाटक विसरले म्हणून पद उणे झाले, असे कोणी म्हणत नाही.

माइल्स डेव्हिसचे २० मार्च १९६१ रोजीचे मुद्रण या सर्वांहून वेगळे आहे आणि अधिक काळ थांबून ऐकण्याजोगे आहे. चाल सुरू होण्यापूर्वी पॉल चेंबर्सचा बास एकच स्वर धरून राहतो, आणि तो स्वर पंचम आहे. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला धरून ठेवलेला पंचम हा विसावा वाटतो. पाश्चात्त्य स्वरमेळाच्या व्यवस्थेत मात्र तो षड्जाकडे जाण्याची ओढ निर्माण करतो. तेथे पंचमावर थांबणे म्हणजे उंबऱ्यावर थांबणे. विन्टन केलीचा पियानो त्यावर हलके रंग भरतो, जिमी कॉब ठेका सांभाळतो, आणि षड्ज लांबणीवर पडत जातो. प्रतीक्षा हा गीताचा विषय होता. डेव्हिसने तिला गीताची रचना केले. त्यानंतर हार्मन म्यूट नावाची धातूची टोपी बसविलेला त्याचा ट्रंपेट जेव्हा चाल उच्चारतो, तेव्हा तो स्वर कोणाला ऐकविण्यासाठी काढलेला वाटत नाही. कॅसेलॉटीची हिमगौरी बुटक्यांना गाऊन दाखविते. येथे श्रोता चुकून कानावर आलेले काही ऐकतो.

याच मुद्रणात दोन टेनर सॅक्सोफोन आहेत. हँक मोब्ली हा त्या वेळच्या संचातील वादक. जॉन कोल्ट्रेन १९६० मध्येच संच सोडून गेलेला, या मुद्रणापुरता परत आलेला. मोब्लीचे वादन गोलाईदार आणि चालीशी इमान राखणारे आहे. मागाहून कोल्ट्रेन येतो तो चालीच्या चौकटीवर धडका देत. कित्येक समीक्षकांनी या तुलनेत मोब्लीला उगाच लहान केले आहे. मोब्लीचे समाधान आधी ऐकले नसते तर कोल्ट्रेनचा अधीरपणा इतका जाणवला नसता, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

या तबकडीच्या वेष्टनाविषयी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे. डेव्हिसच्या आग्रहावरून त्यावर फ्रान्सिस टेलर हिचे छायाचित्र छापण्यात आले. ती नृत्यांगना होती, १९५७ मधील ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या मूळ संचात होती, आणि डेव्हिसची पत्नी होती. जिच्या नावातच हिमाची शुभ्रता आहे अशा नायिकेचे गीत, आणि त्याच्या दर्शनी भागी एक कृष्णवर्णीय स्त्री! १९६१ सालच्या अमेरिकेत राजपुत्राची वाट पाहण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतक्या थोडक्यात आणि इतक्या ठामपणे क्वचितच विचारला गेला असेल. परंतु याच ठिकाणी समीक्षकाला एक अडचण येते. डेव्हिस फ्रान्सिसला मारहाण करीत असे, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच १९८९ मधील आपल्या आत्मचरित्रात कबूल केली आहे. तिने १९६५ मध्ये घर सोडले. राजपुत्र आला होता, आणि तो असा होता.

हे ज्ञान त्या संगीताला लावावे की लावू नये? कलाकृतीचे स्वायत्तत्व मानणारा वाचक म्हणेल की बासने धरलेला पंचम कोणाच्या वर्तनामुळे बेसूर होत नाही. ते खरेच आहे. पण मग त्याच वाचकाला वेष्टनावरील छायाचित्राचे गौरवगानही करता येणार नाही. कारण तेही नादाबाहेरचेच. पुष्कळशा लेखनात छायाचित्राचा अभिमान जमेस धरला जातो आणि घराची हकीकत खर्ची टाकली जाते, हा हिशेब प्रामाणिक नाही. दोन्ही घ्यावयाचे ठरविले, तर त्या स्वयंपाकघरातील प्रसंगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही, जेथे गाणे चालू असतानाच सावली पडते. चित्रपटाच्या अखेरच्या वृंदगानाने जी गोष्ट झाकली होती ती डेव्हिसच्या तबकडीने, त्याच्या इच्छेविरुद्ध का होईना, पुन्हा उघडी केली.

इतर गीतांच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. ‘पिनोकियो’ (१९४०) मधील ‘व्हेन यू विश अपॉन अ स्टार’ हे लेह हार्लिन आणि नेड वॉशिंग्टन यांचे गीत अकादमी पारितोषिकाचे मानकरी ठरले. लुई आर्मस्ट्राँगने ते १९६८ मध्ये ‘डिझ्नी साँग्ज द सॅचमो वे’ या तबकडीसाठी गायिले. तबकडी डिझ्नीच्याच ब्युएना व्हिस्टा या कंपनीची, म्हणजे हेतू उघड व्यापारी. तरीही, इच्छा करणारा कोण आहे याची नियतीला फिकीर नसते, असे आश्वासन देणारे ते गीत न्यू ऑर्लीन्सच्या दारिद्र्यात वाढलेल्या आणि बालपणी सुधारगृह पाहिलेल्या, सहासष्टीच्या घरातील माणसाच्या खरखरीत कंठातून येते तेव्हा ते आश्वासन राहत नाही, साक्ष होते. ही साक्ष खरी की सोयीची, हे श्रोत्याने ठरवावयाचे. आर्मस्ट्राँगने आवाजात उपरोधाची एकही रेघ येऊ दिलेली नाही.

उपरोधाचा मार्ग वीस वर्षांनी इतरांनी घेतला. हॅल विलनर याने १९८८ मध्ये सिद्ध केलेल्या ‘स्टे अवेक’ या संग्रहात टॉम वेट्स बुटक्यांचे कामावरून घरी परतण्याचे गाणे गुरगुरत्या आवाजात, खणखणाट आणि घरघर यांच्या गदारोळात म्हणतो. खाणीतील मजुरी ही गंमत नव्हे, हे त्याचे म्हणणे पहिल्या अर्ध्या मिनिटात पटते. नंतर त्याच्याजवळ सांगण्यासारखे फारसे उरत नाही. त्याच संग्रहात शिनेड ओ’कॉनर हिने हिमगौरीचे गीत अगदी मोजक्या साथीवर, जवळजवळ पुटपुटल्यासारखे गायिले आहे. तिने गीताची थट्टा केली नाही की त्याला सजविलेही नाही, आणि डेव्हिसनंतर या गीतापाशी जाण्याची तीच एक वाट मोकळी होती.

राहता राहिले ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ (१९५१) या चित्रपटाचे शीर्षकगीत. सॅमी फेनची ही चाल पडद्यावर श्रेयनामावलीखाली वृंदगानाने वाजून जाते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बिल एव्हन्सच्या त्रयीने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये ती वाजविली. मुद्रणात पेल्यांचा किणकिणाट आणि श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते. लाफारोचा बास त्या कुजबुजीच्या वर चढत जातो. अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. तो पंचवीस वर्षांचा होता. जाझच्या विद्यार्थ्याला आज ही चाल त्या दिवसामुळे ठाऊक असते, आणि ती कोणत्या चित्रपटातील हे पुष्कळदा त्याला सांगावे लागते.