कौल की गाऱ्हाणे? : ‘प्रकटीकरण’ ग्रंथाचे मालवण किनाऱ्यावरून वाचन

मराठी बायबलच्या अगदी शेवटी ‘प्रकटीकरण’ नावाचा बावीस अध्यायांचा एक ग्रंथ आहे. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर मराठीत बरेच लिहिले गेले, रेव्हरंड टिळकांच्या कवितेवर लिहिले गेले, पंडिता रमाबाईंवर तर ग्रंथच झाले. या बावीस अध्यायांकडे मात्र आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. ते काम उपदेशकांकडे आणि पत्रके छापणाऱ्यांकडे राहिले. युद्ध झाले, भूकंप झाला, साथ आली की हा ग्रंथ उघडला जातो आणि जगाच्या शेवटाची कोणती खूण पटली याचा हिशेब मांडला जातो. मे २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट चालू असतानाच तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले. घरांवरची कौले उडाली होती, वीज नव्हती, होड्या फुटल्या होत्या. आणि मोबाइलला रेंज आल्याबरोबर जे पहिले निरोप आले त्यांत ‘शेवटच्या काळाच्या खुणां’ची यादीही होती.

या वाचनपद्धतीला आमच्याकडच्या भाषेत नाव द्यायचे तर तो ‘कौल’ आहे. सिंधुदुर्गातल्या देवळांत पाषाणाला तांदूळ किंवा पाकळ्या लावून देवाला प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी पडली की एक उत्तर, डावीकडची पडली की दुसरे. होणार की नाही, कधी होणार, एवढेच कौलाला विचारता येते. पण त्याच देवळात त्याच माणसांचा दुसराही एक बोलण्याचा प्रकार आहे: गाऱ्हाणे. गावाच्या वतीने एक जण उभा राहतो, देवाला जागे करतो, काय सोसले ते सांगतो, कोणी अन्याय केला असेल तर त्याचे माप देवाच्या पदरात टाकतो आणि मागे उभे असलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून साक्ष देतात. त्यात पुढचेही बोललेले असते, पण ते मागणे म्हणून. ‘प्रकटीकरण’ हा ग्रंथ जातीने गाऱ्हाणे आहे आणि आपण तो कौल म्हणून वाचत आलो, असे माझे म्हणणे आहे. हा गोंधळ एकट्या उपदेशकांनी केलेला नाही. त्यात भाषांतरातल्या शब्दांचाही हात आहे.

स्टीफन्सने १६१६ साली राशोल येथे आपले काव्य छापले तेव्हा स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले. शब्द घेतला की त्याच्याबरोबर त्याचे घरदारही येते, हे त्याला ठाऊक असणार. तरी त्याने तो घेतला. पुढे एकोणिसाव्या शतकात गद्य भाषांतरे झाली तेव्हा हाच प्रश्न जास्त अवघड झाला. हिब्रूतल्या ‘नबी’ला जुन्या मराठी बायबलात ‘भविष्यवादी’ म्हटले आहे. आता ‘संदेष्टा’ हा शब्द रूढ आहे. या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! भविष्यवादी म्हटले की आपल्यासमोर पत्रिका, पोथी आणि पाटावर बसलेला जोशी येतो. संदेष्टा हा निरोप्या असतो. निरोप राजाविरुद्ध असला तरी तो पोचवतो. आमोस किंवा यिर्मया यांची प्रकरणे वाचली तर दुसराच शब्द बरोबर आहे हे लगेच पटते, कारण त्यांचे बहुतेक बोलणे चालू काळाबद्दल आहे: खोटी वजने, विकलेले न्यायाधीश, गरिबाची गहाण पडलेली वस्त्रे. तरीसुद्धा ‘भविष्यवादी’ या शब्दाने दोनतीन पिढ्यांच्या वाचनाला जे वळण दिले ते शब्द बदलल्याने सरळ झालेले नाही.

दुसरा शब्द ‘युग’. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात शिष्य येशूला शेवटाविषयी विचारतात, तिथे मराठीत ‘युगाची समाप्ती’ आली आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आयोन’; त्याचा अर्थ काळ, जमाना असा. युग म्हटल्याबरोबर मराठी कानाला कली ऐकू येतो. कलियुग ४,३२,००० वर्षांचे, इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये सुरू झालेले, म्हणजे अजून चार लाखांच्या वर वर्षे शिल्लक. ते संपले की कलंकी येणार, पांढऱ्या घोड्यावर, हातात तलवार घेऊन; आणि मग पुन्हा कृतयुग. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात, दहा अवतारांची बारा-बारा. त्यातला शेवटचा संच या कलंकीचा. आता ‘प्रकटीकरणा’च्या एकोणिसाव्या अध्यायातही पांढऱ्या घोड्यावरचा स्वार आहे आणि त्याच्या मुखातून तलवार निघते. साम्य डोळ्यांत भरणारे आहे आणि त्यावर उत्साहाने लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. मला ते साम्य वरवरचे वाटते. कलंकीचे येणे कालगणनेच्या कोष्टकात बसवलेले आहे. कोणी हाक मारली म्हणून तो येत नाही. ‘प्रकटीकरणा’तला स्वार येतो तो सहाव्या अध्यायातल्या हाकेनंतर. तिथे वेदीखाली मारल्या गेलेल्यांचे आत्मे आहेत आणि ते ओरडून विचारतात की आमच्या रक्ताचा न्याय व्हायला अजून किती वेळ. हा प्रश्न पंचांगाचा नाही. आमच्या देवळात गाऱ्हाणे घालणारा याच सुरात बोलतो.

कौलवाल्यांचा सर्वांत आवडता आधार म्हणजे दानीएलच्या पुस्तकातले आणि ‘प्रकटीकरणा’तले आकडे. साडेतीन काळ, बेचाळीस महिने, १,२६० दिवस: हे सगळे एकच माप, साडेतीन वर्षांचे. ते कुठून आले याला इतिहासात जागा आहे. अँटिओकस एपिफानिस या ग्रीक राजाने इसवी सनापूर्वी १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर विटाळले. १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध झाले. दानीएलचा अकरावा अध्याय या राजाच्या स्वाऱ्यांपर्यंत बारकाईने जुळतो आणि त्याच्या मरणाशी येऊन चुकतो. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने यावरूनच ओळखले की हे पुस्तक त्या छळाच्या दिवसांतच लिहिले गेले. त्याला वाटले, आपण पुस्तक खोटे पाडले. मला उलट वाटते. छळ चालू असताना छळणाऱ्याचे दिवस मोजून दाखवणे हे धैर्याचे काम आहे, आणि ते वर्तवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

पण मोजणारे थांबले नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलरने दिवसाला वर्ष धरून दानीएलच्या २,३०० दिवसांचा हिशेब केला आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. दिवस उजाडला आणि मावळला. आपल्या जवळ, त्रावणकोरात, जस्टस जोसेफ या ब्राह्मण ख्रिस्त्याने १८८१ सालाची वाट पाहायला लावली. आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांचे वेड आहे असे कोणी समजू नये. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकरेत आठ ग्रह जमले तेव्हा देशभर यज्ञ झाले होते, आणि १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून खेड्याखेड्यांत माणसे आकाशाकडे बघत होती.

याहून गंभीर प्रकार सत्तेने केला. पोर्तुगालचा राजा सेबास्तियाँव ऑगस्ट १५७८ मध्ये मोरोक्कोच्या रणात नाहीसा झाला आणि तो परत येणार अशी एक आशा त्या देशात रुजली. पुढच्याच एप्रिलमध्ये स्टीफन्स लिस्बनहून गोव्याला निघाला. सतराव्या शतकात आंतोनियो व्हिएरा या मोठ्या वक्त्याने दानीएलच्या स्वप्नातले पाचवे, न मोडणारे राज्य म्हणजे पोर्तुगाल असे मांडले; त्याबद्दल इन्क्विझिशनने त्याला कोंडलेही. साम्राज्याखाली भरडल्या गेलेल्यांचे गाऱ्हाणे साम्राज्याचीच सनद म्हणून वाचले गेले, याचे दुसरे इतके ठळक उदाहरण माझ्या वाचनात नाही. स्टीफन्सच्या काव्याचे मूळ पोर्तुगीज शीर्षक ‘येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयी’ अशा अर्थाचे आहे. त्याला रस आहे तो होऊन गेलेल्या येण्यात. गोठ्यात जन्मलेले मूल त्याने सासष्टीच्या लोकांना सांगितले. हा त्याचा विवेक मला मोलाचा वाटतो.

आता ग्रंथाकडेच जाऊ. तो आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना लिहिलेला आहे. लिहिणारा योहान पात्म बेटावर आहे. परंपरेने काळ दिला आहे तो डोमिशियन बादशहाच्या अखेरीचा, सुमारे इसवी सन ९५. श्वापदाची जी प्रसिद्ध संख्या ६६६, ती हिब्रू अक्षरांना अंक मानून ‘नीरो कैसर’ या नावाची बेरीज आहे असे बहुतेक अभ्यासक धरतात. काही जुन्या हस्तलिखितांत ती ६१६ आहे, आणि नावाचे लॅटिन रूप घेतले तर तीही जुळते. आपल्या जुन्या ग्रंथकारांनी भूतसंख्येत शक लपवले. इथे जुलमी राजाचे नाव लपवले आहे. पहिल्या वाचकांना ते ओळखू येत होते, म्हणूनच लपवायची गरज होती.

सहाव्या अध्यायात चार घोडे येतात. त्यांतल्या काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू आहे. एका माणसाच्या एका दिवसाच्या पोटापुरता गहू आणि त्याची किंमत एक दिनार, म्हणजे दिवसाची पूर्ण मजुरी. जव तेवढ्याच पैशांत तिप्पट. आणि तेल व द्राक्षारस यांना धक्का लावू नको अशी आज्ञा. हे वाचताना मला केडगाव आठवते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून उपाशी मुली आणल्या. त्याच मुक्तीसदनात हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. प्रचलित भाषांतरातले संस्कृत तत्त्वज्ञानाच्या वासाचे शब्द त्यांना नको होते. खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी हवे होते. गरिबाचे धान्य महागते आणि श्रीमंताच्या तेलाला हात लागत नाही, हे त्या खोल्यांतल्या मुलींना कोणी भाष्य करून सांगायला लागले नसेल. भविष्य म्हणून ते वाचायचे तर त्यांना त्यात नवे काय होते?

आणि अठरावा अध्याय. माझ्या मते हा या ग्रंथाचा गाभा. बाबेल नगरी, म्हणजे रोम, जळते आहे आणि दुरून तीन प्रकारचे लोक रडताहेत: राजे, व्यापारी आणि दर्यावर्दी. व्यापाऱ्यांच्या तोंडी मालाची यादी आहे, अठ्ठावीस जिनसांची. सोने-चांदीने सुरू होते, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, सुगंधी मसाले, तेल, पीठ, गुरे, घोडे, रथ असे करत शेवटी येते ती माणसे: देह आणि जीव. रिचर्ड बॉकहॅम या अभ्यासकाने यातल्या एकेका जिनसेचा माग काढून दाखवला आहे की हा रोमच्या चैनीचा जमाखर्च आहे. आता याच शतकातला दुसरा ग्रीक मजकूर शेजारी ठेवावा: ‘पेरिप्लस’, तांबड्या समुद्राच्या व्यापाऱ्याची माहितीवही. त्यात कल्याणच्या दक्षिणेच्या बंदरांची नावे येतात. त्यांतले बिझॅन्टिऑन म्हणजे विजयदुर्ग आणि ऑरान्नोबोआस म्हणजे मालवण असे काही अभ्यासकांनी मानले आहे. जुळणी वादाची आहे, पण किनारा हाच. मोती, हस्तिदंत, रेशीम याच पाण्यावरून पश्चिमेला जात होते. प्लिनी हिंदुस्थानाकडे दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात म्हणून कुरकुरतो. एकाच व्यापाराचे हे दोन कागद. ‘पेरिप्लस’मध्ये काय कुठे मिळते ते आहे, ‘प्रकटीकरणा’त शेवटच्या नगाची किंमत विचारली आहे.

यावर श्रद्धावान वाचकाचा आक्षेप रास्त आहे की ग्रंथ स्वतःलाच संदेशाची वचने म्हणवतो आणि लवकरच व्हायच्या गोष्टी सांगतो असे पहिल्याच अध्यायात म्हणतो. ते खरे आहे. पण ‘लवकर’ हा शब्द सात मंडळ्यांतल्या माणसांना उद्देशून आहे; त्यांच्यासाठी तो एकोणीस शतकांनी लांबवला तर त्याचा अर्थच उरत नाही. दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे. या ग्रंथाची भाषा क्रूर आहे. नगरीला वेश्या ठरवून तिला जाळताना जो आनंद व्यक्त होतो तो मला सहन होत नाही, आणि तो प्रतीकात्मक आहे म्हणून सोडूनही देता येत नाही. गाऱ्हाण्यात शापही असतो, एवढे म्हणता येईल.

हे सगळे आज कशाला? कारण तौक्तेच्या वेळी ‘खुणा’ मोजणाऱ्याला एक सोय मिळाली: समुद्र का तापतो, किनारा का खचतो, मासळी का आटते, रापण ओढणाऱ्याच्या तोंडचा घास यांत्रिक जाळी कशी नेतात, यातले काहीच विचारावे लागले नाही. सगळे आधीच लिहिलेले होते. अठराव्या अध्यायात मात्र राजे, व्यापारी आणि नावाडी नावानिशी उभे केले आहेत.

या किनाऱ्यावरच्या वाचकाला सर्वांत जास्त अडवणारे वाक्य एकविसाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. नवे आकाश आणि नवी पृथ्वी येते आणि तिथे समुद्र नसतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या, आणि दर्यावरून परतल्यावर चर्चमध्ये मेणबत्ती लावणाऱ्या लोकांनी या नव्या पृथ्वीचे काय करावे? भाष्यकार सांगतात की हिब्रू कल्पनेत समुद्र म्हणजे अराजक. दानीएलची श्वापदे तिथूनच वर येतात. योहानाच्या काळी त्याच वाटेने रोमची गलबतेही येत होती, आणि तो स्वतः बेटावर, माणसांपासून तोडलेला. हे पटते. पण त्याच्या आधी, विसाव्या अध्यायात, न्यायाच्या वेळी एक गोष्ट घडते जिच्यावर भाष्यकार फार थांबत नाहीत. मृत्यू आणि अधोलोक यांनी आपल्यातले मेलेले परत देण्याआधी समुद्र आपल्यातले परत देतो. यादीत त्याचे नाव पहिले आहे. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणातल्या होड्या गेल्या. ज्यांची माणसे परत आली नाहीत, त्यांना दफनाला देह मिळाला नाही की अग्नीला. असे घर वर्षानुवर्षे अर्धे उघडे राहते. त्या घरात हा अध्याय वाचला तर समुद्र नाहीसा होण्यापूर्वी त्याच्याकडून हिशेब घेतला जातो, एकेक माणूस मोजून, हे तिथल्या बाईला प्रथम ऐकू येईल. कुठल्या साली, हे ती विचारणार नाही.