खोक्यावरचा आकडा कोणत्या हवेत मोजला?

मागच्या लेखाखाली एकीने विचारलं होतं, "पेपर वाचताना सगळं बरोबरच वाटतं. मग टीका करायची कशावर?" पेट परीक्षेची, सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या बहुतेकांचा हाच प्रश्न असतो. म्हणून आज पेपर बाजूला ठेवू आणि दोन छापील पानं वाचू. एक आहे युरोपातल्या पॅनेल रेडिएटरच्या कॅटलॉगचं, दुसरं वर्ध्यात विकत घेतलेल्या कूलरच्या खोक्याचं. दोन्ही पानं एकच वचन देतात: तुमच्या खोलीला एवढं यंत्र पुरेल.

रेडिएटर माझ्याकडे आला तो मित्रामुळे. मूळचा हिंगणघाटचा, आता जर्मनीत नोकरी करतो. तिथं त्याने जुनं घर घेतलंय, बॉयलर काढून हीट पंप बसवायचा विचार आहे. त्याने कॅटलॉग पाठवला आणि लिहिलं, "तू थर्मलवाला ना, सांग कोणता घेऊ." आपल्याकडे हिवाळ्यात शेकोटी आणि गोधडीवर भागतं, त्यामुळे मी ते पान पहिल्यांदाच नीट पाहिलं. रेडिएटर म्हणजे भिंतीला लावलेला पोकळ पोलादी पत्रा, आतून गरम पाणी फिरतं. टाइप ११, २१, २२, ३३ असे प्रकार असतात. पहिला अंक पॅनेल किती हे सांगतो, दुसरा मागच्या पन्हाळी पत्र्यांच्या रांगा किती हे. लांबी-उंची शोधा, समोरचे वॅट वाचा, झालं.

पण तक्त्याखाली बारीक अक्षरात ७५/६५/२० लिहिलेलं असतं, आणि खरं पान तेच आहे. पाणी ७५ अंशांनी आत गेलं, ६५ ने बाहेर आलं आणि खोली २० अंशांवर असली, तर हे वॅट. युरोपचं ईएन ४४२ हे मानक ही अट घालून देतं. पाण्याची सरासरी ७०, खोली २०, म्हणजे फरक ५० अंशांचा. हीट पंप मात्र कमी तापमानाच्या पाण्यावर चांगला चालतो. समजा पाणी ४५ ने गेलं आणि ४० ने परतलं. आता फरक उरला साडेबावीस. रेडिएटरची उष्णता या फरकाच्या साधारण १.३ व्या घाताने बदलते. कॅल्क्युलेटर घ्या: ०.४५ चा १.३ वा घात, उत्तर सुमारे ०.३५. तक्त्यात १५०० वॅट लिहिलेला रेडिएटर त्या घरात ५३० च्या आसपास देणार. आकडा खोटा नाही, पण तो वेगळ्या घराचा आहे. मित्राला मी एवढंच लिहिलं की आधी घरातून उष्णता किती बाहेर जाते ते काढ, मग पाण्याचं तापमान ठरव, तक्ता शेवटी उघड.

हे सगळं ऐटीत लिहून पाठवलं आणि आठवलं की दोन वर्षांपूर्वी मी स्वतः काय केलं होतं.

आमचं वर्ध्याचं घर. वरच्या मजल्यावर आजीची खोली, डोक्यावर उघडा स्लॅब. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. आजीला रात्र रात्र झोप नाही, पाय सुजायचे. फेलोशिपचे थकलेले पैसे एकदम आले तेव्हा मी दुकानात जाऊन मोठ्यातला मोठा कूलर उचलला. खोक्यावर होतं: इतके घनमीटर हवा, टाकी ६० लिटर, "मोठ्या खोलीसाठी". नवतपा बरा गेला. जूनमध्ये ढग आले आणि तीच खोली आंबली. चादर ओलसर, भिंतीला ओल, अंग चिपचिप. आजी म्हणाली, "काहून रे, तुह्या डिग्रीत हे नाही शिकवत?"

शिकवतात. बीएस्सीलाच शिकवतात. आता ते पान रेडिएटरसारखंच वाचू. ताटीतून जाणारी हवा थंड होते ती पाणी वाफ होताना उष्णता घेतं म्हणून. ती कितीही थंड झाली तरी वेट बल्ब तापमानाच्या खाली जात नाही, म्हणजे थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर दिसतं त्या तापमानाच्या खाली. मे महिन्यातली दुपार धरा: ४५ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब येतं सुमारे २४. फरक २१ अंशांचा. ताटीची कार्यक्षमता ८० टक्के मानू (नव्या पॅडला हे चालेल, क्षार धरलेल्याला नाही). हवा १६.८ अंशांनी उतरेल आणि २८.२ वर आत येईल. आता जूनमधली ढगाळ दुपार: ३८ अंश, आर्द्रता ५० टक्के. वेट बल्ब सुमारे २९. तीच ताटी, तोच पंखा, पण हवा येणार ३०.८ वर.

इथे थांबून नीट बघा. आकडे जवळजवळ वाटतात, पण खोली ३२ वर ठेवायची असेल तर कामाचा फरक पहिल्या वेळी ३.८ अंश आणि दुसऱ्या वेळी १.२. तासाला ३००० घनमीटर हवा फेकणारा कूलर मे महिन्यात खोलीतली साडेतीन किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो आणि जूनमध्ये एकाच्या थोडी वर. एक तृतीयांश! रेडिएटरच्या त्या ०.३५ शेजारी हा आकडा ठेवला तेव्हा मला हसूच आलं. जर्मनीतल्या पत्र्याचा आणि वर्ध्यातल्या ताटीचा आजार एकच निघाला. फक्त तिथल्या पानावर अट बारीक अक्षरात का होईना छापलेली असते. माझ्या खोक्यावर ती कुठेच नव्हती. कूलरसाठीही भारतीय मानक आहे, आयएस ३३१५, पण दुकानात उभं राहून ते कोण वाचतं? मीही नव्हतं वाचलं.

आता दुकानातला नियम. खोलीचे घनफूट काढा, दोनने भागा, तेवढा सीएफएम घ्या. आमची खोली १२ बाय १५, उंची १०, म्हणजे १८०० घनफूट; नियमाने ९०० पुरे. माझा कूलर जवळजवळ दुप्पट होता, तरी फसला. कारण या नियमात हवामान नाही, स्लॅब नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खिडकी नाही. दोनने भागणं म्हणजे दर दोन मिनिटांना खोलीतली सगळी हवा बदलणं. ती बदलायची तर जुनी हवा बाहेर जायला वाट हवी. मी "थंडावा जाऊ नये" म्हणून मागचं दार बंद करायला सांगितलं होतं! दारं बंद करून बसायचं हे एसीचं शास्त्र, ते मी कूलरला लावलं. युरोपातही "चौरस मीटरला इतके वॅट" असा झटपट हिशोब लोक करतात. त्यातही भिंत कशाची, वर छप्पर की शेजाऱ्याचं घर, हे विचारलेलं नसतं. नियम वाईट नाहीत. कुणीतरी कुठल्यातरी घरात ते जुळताना पाहिले असणार. ते घर मात्र नियमातून गळून जातं.

टाकीचंही तेच. हवा १६.८ अंशांनी उतरवायला त्या कूलरला तासाला साधारण २३ लिटर पाणी लागतं. म्हणजे ६० लिटर अडीच-पावणेतीन तासांत संपणार. ज्या गावात नळ एक दिवसाआड येतो तिथं हा आकडा खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हवा होता. रात्री दोनला बादल्या वाहणाऱ्या माझ्या आईचं तरी तेच मत आहे.

तुम्ही म्हणाल, मग यंत्राआधी घराचं काय? बरोबर. सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीत दुपारी दहा मिनिटं बसा. गांधीजी १९३६ मध्ये तिथं, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. मातीच्या जाड भिंती, बांबू, वर कवेलू, बाजूला पडवी. मी तिचं गोडवे गाणारं लिखाण भरपूर वाचलंय, आणि त्यातही मला तोच दोष दिसतो: "आत थंड असते" म्हणतात, पण बाहेर किती, कोणत्या वेळी, हे क्वचितच सांगतात. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत पोचवते, म्हणून दुपारची भेट तिच्या फायद्याची असते. रात्री अकराला मोजलं तर चित्र वेगळं असू शकतं. आवडत्या गोष्टीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

आता माझी दुसरी चूक, कारण ती तुमच्या थेट कामाची आहे. माझा विषय हवेतली वाफ शोषणारे पदार्थ. पहिल्या वर्षी मी सेमिनारला तक्ता दाखवला: इतरांच्या पदार्थांची शोषणक्षमता डावीकडे, माझी उजवीकडे, आणि माझी बरीच कमी. मी पडलेल्या चेहऱ्याने कारणं सांगत होतो. गाइडनी विचारलं, "ही मापं कोणत्या आर्द्रतेला आहेत?" डावीकडची बरीचशी ९० टक्क्यांना होती, माझं ४० ला. सिलिका जेलसुद्धा या दोन आर्द्रतांना सारखं पाणी धरत नाही. चार महिन्यांचं काम मी स्वतःच रद्दीत काढायला निघालो होतो. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक उसन्या आकड्यापुढे एक रिकामा रकाना असतो, "कशात मोजलं?". तो भरला नाही तर आकडा तक्त्यात जात नाही. पेपरमध्ये ही अट बहुधा आकृतीखालच्या ओळीत किंवा पुरवणीत सापडते, सारांशात जवळजवळ कधीच नाही.

आजीच्या खोलीत शेवटी काय केलं? स्लॅबवर चुना मारला, मागचं दार चार बोटं उघडं ठेवलं, आणि जूनमध्ये ढग आले की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा. कूलर तोच आहे, विकायला काढला तर अर्धेही पैसे येणार नाहीत.

तुमच्याकडे दोन साधे थर्मामीटर असतील तर एकाच्या फुग्याला ओलं मलमल बांधा आणि येत्या नवतपात सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा अशा नोंदी घ्या. गाव, वेळ, आणि थर्मामीटर उन्हात होतं की सावलीत हे लिहून पाठवा. सावली लिहिली नसेल तर मी ती नोंद घेणार नाही, आधीच सांगतो.