खेड्यातल्या चर्चचा इतिहास कुठे शोधावा?

खेड्यातल्या चर्चचा इतिहास म्हटला की पायाभरणीचे साल आणि आलेल्या-गेलेल्या फादरांची यादी, एवढेच बहुधा हाती लागते. बाकांवर बसलेल्यांच्या कानांवर कोणती भाषा पडत होती, हे त्यात शोधूनही सापडत नाही. बालाघाटात राहून वाचणाऱ्या मला मात्र हाच प्रश्न आधी पडतो. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी, शाळा-कचेरीत हिंदी. मग देवाशी कोणत्या भाषेत बोलायचे?

म्हणून इमारतींची माहिती बाजूला सारून मी फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ उघडतो. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. त्याचे आयुष्य बहुतांशी साष्टीच्या खेड्यांत गेले. ग्रंथ १६१६ साली राचोलला, रोमन लिपीत छापला गेला. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि त्या चर्चमध्ये जमलेल्या नवख्रिस्ती मंडळींना वाचून दाखवण्यासाठी!

मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण संमेलनांतून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की बाकीचे पुराण न वाचताच सुटते. माझ्या मते त्याचे मोल आरंभीच्या एका प्रसंगात आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक श्रोता विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही? ही मागणी आहे आणि तक्रारही. ती फादरच्याच लेखणीतून आलेली आहे, हे विसरून चालणार नाही. तरी साष्टीतल्या चर्चमधल्या श्रोत्याचा आवाज इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच ऐकू येतो. ओवीचे वळण, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणे, हे सारे त्या मागणीचे उत्तर आहे. त्याला केवळ प्रचाराची युक्ती म्हणणारे टीकाकार मला अर्धेच बरोबर वाटतात.

१६८४ साली पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. सतराव्या शतकात तीनदा छापलेल्या या ग्रंथाची त्या काळची एकही छापील प्रत आज सापडत नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांतून. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी ते पुन्हा छापले. देवनागरीत शांताराम बंडेलूंनी पुण्यात आणले ते १९५६ साली, म्हणजे आपल्या सीमा बदलल्या त्याच वर्षी.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लोकभाषेत आली. जबलपूर धर्मप्रांतातल्या आपल्या भागात ती लोकभाषा म्हणजे प्रामुख्याने हिंदी ठरली. उद्या इथल्या एखाद्या चर्चची स्मरणिका निघाली, तर आजी-आजोबा घरी कोणत्या शब्दांत प्रार्थना करतात, हे संपादकांनी त्यांना विचारून छापावे. फादरांची यादी शेवटच्या पानावर चालेल.