मुखडा आपला, मधलं संगीत कुणाचं?



थोर संगीतकारांचं स्मरण हा या मालेचा विषय, आणि त्यात आम्हाला नावांची टंचाई कधीच पडलेली नाही. आपल्याकडे वर्षाचे बाराही महिने कुणाची ना कुणाची जयंती असतेच. आज मात्र एका थोर माणसावर बोलण्याऐवजी आम्ही आपल्या स्मरण करण्याच्या रीतीवरच बोलणार आहोत. ती रीत आम्हाला सदोष वाटते, आणि तिच्या दोषामुळे काही मोठी माणसं आपल्या कानांतून निसटली आहेत असं आमचं म्हणणं आहे.

ही रीत आपण सगळे ओळखतो. मंचाच्या एका बाजूला हार घातलेली तसबीर, समई. निवेदक आठवणी सांगणार, दोन गायिका आणि एक गायक गाणार. प्रत्येक गाण्याआधी तीन नावं घेतली जाणार : गीतकार, संगीतकार, गायक. मग गाणं. आता नीट आठवून पाहा, टाळी कुठे पडते? मुखड्याला पडते, हे खरं. पण पुष्कळदा ती मुखड्याच्या आधीच पडते. व्हायोलिनचा किंवा अ‍ॅकॉर्डियनचा सुरुवातीचा तुकडा वाजला, दोन सेकंद झाले, की सभागृह ओळखतं आणि टाळ्या वाजवतं. गायकानं अजून तोंडही उघडलेलं नसतं. म्हणजे लोकांना तो तुकडा पाठ आहे, तो गाण्याचाच भाग आहे. मधलं संगीत की-बोर्डवर जरा वेगळं वाजलं तर दुसऱ्या रांगेतले आजोबा लगेच शेजारच्याला सांगतात, 'मूळ गाण्यात असं नाहीये.' पण तो तुकडा लिहिला कुणी, हे निवेदक सांगत नाही आणि आजोबाही विचारत नाहीत.

कॅराओकेचं तर विचारूच नका. कॅराओके म्हणजे काय? मूळ गाण्यातून गायकाचा आवाज वजा केला की जे उरतं ते. लोक हौसेनं ते उरलेलं पैसे देऊन विकत घेतात. आणि त्या उरलेल्या गोष्टीच्या कर्त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. (हशा)

या कर्त्याला मराठीत संगीत संयोजक म्हणतात, स्टुडिओच्या भाषेत अरेंजर. मराठी भावगीतांच्या बाबतीत अनिल मोहिल्यांसारखं एखादं नाव तरी रसिकांना माहीत असतं. हिंदी चित्रपटसंगीताच्या ऐन बहराच्या काळात, १९४५ ते १९७० म्हणू या, हे काम मोठ्या प्रमाणावर गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी केलं. त्यांच्यातलं एक नाव मात्र भारतातल्या लहान पोरालाही माहीत आहे. अँथनी गोन्साल्विस.

१९७७ साली मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' आला. प्रचंड मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन, टोपी-छत्री सावरत अमिताभ बच्चन हे नाव ठणकावून सांगतात. चित्रपटातला अँथनी वांद्र्याचा, देशी दारूचा गुत्ता चालवणारा, दिलदार आणि धमाल. गाण्याचं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. यातल्या प्यारेलालजींनी व्हायोलिनची तालीम ज्यांच्याकडे घेतली, त्या गुरूंचं नाव अँथनी गोन्साल्विस. शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात गुंफलं. आपल्या परंपरेत याला जागा आहे. अभंगात नाममुद्रा असते, ख्यालाच्या बंदिशीत रचनाकाराची छाप असते. चित्रपटगीतात तशी सोय नाही, कर्त्याला स्वतःचं नाव गाण्यात घालता येत नाही. इथे शिष्यानं ती सोय करून दिली, त्या भावनेला आमचा नमस्कारच आहे. पण झालं काय, की नाव अजरामर झालं आणि माणूस अधिकच दिसेनासा झाला. ते कुणाचं तरी खरं नाव आहे, आणि १९७७ साली तो माणूस हयात आहे, हे थिएटरात शिट्ट्या मारणाऱ्यांना कुठून कळणार? त्यात आणखी एक बोच आहे. पडद्यावरचा गोंयकार बहुधा दारूशी जोडलेला. आणि ज्या नोटेशनच्या शिस्तीवर ती सगळी गाणी उभी राहिली, ती शिस्त पाळणारा गोंयकार पडद्यामागे.

हे गृहस्थ होते कोण? जन्म १९२७ चा, सासष्टीतल्या माजोर्डा गावचा. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळणारे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. म्हणजे आपल्याकडचं पोर बाराखडी गिरवत होतं त्या वयात तिथलं पोर पाच रेघांवरची स्वरलिपी वाचत होतं. हेतू धार्मिक, मिस्सेला वाजवणारे हवेत एवढाच. पण त्यातून वाचून वाजवणाऱ्यांची एक अख्खी फळी तयार झाली आणि पोटासाठी मुंबई, लाहोर, कोलकाता अशी पांगली. हॉटेलांचे बँड, मूकपटांचे वाद्यवृंद, आणि पुढे चित्रपटांचे स्टुडिओ. १९४७ नंतर लाहोरचं दार बंद झालं. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांच्या नाचगाण्याला उतरती कळा लागली. ही मंडळी स्टुडिओकडे वळली, त्यात या दोन्ही गोष्टींचा हात आहे.

स्टुडिओत काम कसं चाले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. संगीतकार पेटी घेऊन बसायचा आणि चाल गाऊन दाखवायचा. चाल त्याच्या डोक्यात आणि गळ्यात. पण समोर वीस-तीस व्हायोलिनवाले, चेलो, ट्रम्पेट, क्लॅरिनेटवाले बसलेत. त्यांनी काय वाजवायचं? ते कागदावर लागतं. संयोजक चाल ऐकून लिहून घ्यायचा, सुरुवातीचा तुकडा बांधायचा, कडव्यांमधलं संगीत बांधायचा, गायकाच्या ओळीमागे दुसरी एक सुरावट सोडायचा, आणि प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा काढून स्टँडवर ठेवायचा. मग गायकासकट सगळे एकदम वाजवणार. एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्डिंग झालं की रोख पैसे हातात, आणि त्या कागदांचं काम संपलं.

तबकडीवर संगीतकाराचं नाव. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संयोजक असलाच तर 'सहायक' म्हणून. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांत ही नावं तशीच येतात : दत्ताराम, सेबॅस्टियन. दत्ताराम वाडकर तालाची बाजू बघत, सेबॅस्टियन डिसोझा वाद्यवृंदाची. हातातल्या फायली सांभाळणाऱ्यालाही आपण सहायकच म्हणतो. शब्दाची ही कंजुषी बघा.

कायद्यानं तर याहून मौज केली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'सांगीतिक कृती'ची जी व्याख्या होती, ती लिहिलेल्या किंवा छापलेल्या स्वररचनेची होती. स्वरावली असो की स्वरसंवाद, कागदावर उतरलेली हवी. ही अट १९९४ मध्ये निघाली. म्हणजे सदतीस वर्षं कायदा म्हणत होता की लिहिलेलं तेच संगीत. आणि बहुतेक रेकॉर्डिंगच्या खोल्यांमध्ये लिहिणारा माणूस एकच होता, ज्याला कुणीच कर्ता मानत नव्हतं. त्याला मान मिळाला नाही तो नाहीच, आणि व्याख्या बदलली तीही त्याच्यासाठी नव्हे.

आता कुणी म्हणेल, तुम्ही संगीतकाराचं श्रेय काढून घेताय. तसं अजिबात नाही. सी. रामचंद्रांचंच उदाहरण घेऊ. पुणतांब्याचा हा चितळकर, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले हळदोण्याचे अँतोनियो शावियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. दोघांचं मिळून 'अलबेला', १९५१. भगवानदादांच्या या एका चित्रपटात पिलूच्या अंगानं जाणारी मऊ अंगाई आहे आणि बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोननं पेटलेलं नाचाचं गाणंही आहे. एका गाण्यात तर चिक आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतात. ही चाल चितळकरांची आहे याबद्दल वाद नाही. ती लाडिक वळणं, ते बेधडक ठेक्यावर बसणं, ती खास त्यांचीच. पण त्या चालीखालची जमीन हलती आहे, आणि ही हलती जमीन हॉटेलातल्या नाचाच्या रात्रींतून आलेली आहे. गांधर्व महाविद्यालयातून ती येणं शक्य नव्हतं. दोन शाळा एका खोलीत भेटल्या म्हणून ते गाणं झालं. श्रेयाची वाटणी करायला आम्ही तराजू आणलेला नाही. दुसरी शाळा होती, एवढं ऐकू यावं हाच आग्रह.

आणि चिक यांची आठवण निघाली तरी ती कशी निघते? 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग'. हेही एक प्रकारे विसरणंच. आपण कुणाला 'महाराष्ट्राचा तानसेन' म्हणतो तेव्हा त्याच्या गाण्याबद्दल एक अक्षरही बोललेलं नसतं. आर्मस्ट्राँगला लताबाईंच्या गळ्यामागे ट्रम्पेट धरून थांबायची वेळ आली नव्हती. ती कसरत वाझसाहेबांनी केली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच संगीतकार पेटीवर चाल देऊन मोकळे होत नसत. सलील चौधरींना पाश्चात्त्य संगीताची लिपी आणि तिचं शास्त्र दोन्ही अवगत होतं, आणि प्यारेलालजी तर स्वतः लिहिणारे. कित्येक संगीतकार मधले तुकडेही गाऊन सांगत आणि संयोजक ते फक्त उतरवून घेई. म्हणून 'सगळं काही गोंयकारांनीच केलं' ही जी नवी फॅशन अलीकडे ऐकू येते, तीही आम्हाला पटत नाही. गाण्यागणिक हिशेब वेगळा आहे. आणि तो कानानंच लावावा लागतो, कागद बहुधा उरलेले नाहीत.

पुन्हा गोन्साल्विसांकडे येऊ, कारण त्यांची गोष्ट श्रेयापाशी थांबत नाही. त्यांना चित्रपटाबाहेरचं काहीतरी करायचं होतं. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी आपल्या इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला. शंभराहून अधिक वादक, आणि गायक म्हणून लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना त्यांनी लिहिल्या, त्यांतला एक व्हायोलिन कंचेर्तो सारंग रागातला. १९६५ साली अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर पुढे माजोर्ड्याला राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये गेले.

सारंगात कंचेर्तो! वरवर गोड वाटतं, पण त्यातली अडचण ध्यानात घ्या. सारंग म्हटलं की आपल्यापुढे येतो तो वृंदावनी सारंग. त्यात गंधार नाही, धैवत नाही. आणि पाश्चात्त्य स्वरसंवादाचा पाया म्हणजे तीन स्वरांचा कॉर्ड, आणि त्याचा जीव मधल्या स्वरात. षड्जावर कॉर्ड बांधायचा तर गंधार हवा. तो रागात वर्ज्य. मध्यमावर बांधायचा तर धैवत हवा; तोही वर्ज्य. ऋषभावर बांधायला गेलात तर पुन्हा धैवतच आडवा येतो. पंचमावर मात्र जमतं : पंचम, निषाद, ऋषभ. म्हणजे ज्या घरात सूर मुक्कामाला येतो त्या षड्जाच्याच घराला छप्पर नाही, आणि पंचमाच्या घराला आहे. शंभर वादक समोर बसवून हा प्रश्न सोडवायचा म्हणजे हौसेचं फ्यूजन नव्हे. दोन संगीतं जिथे खरोखर एकमेकांना नाही म्हणतात, नेमक्या त्याच जागी हा माणूस जाऊन बसला होता. पुढे कित्येकांनी राग आणि कॉर्ड एकत्र आणले, त्यातल्या पुष्कळांनी गंधार गुपचूप आत घेतला आणि रागाचं नाव तसंच ठेवलं!

आमची तक्रार आहे ती इथे. आपल्या पुण्या-मुंबईच्या स्मृतिकार्यक्रमांच्या पत्रिका आम्ही वर्षानुवर्षं वाचतो. त्यात 'अमर अकबर अँथनी'चं ते गाणं असतं, निवेदक प्यारेलालजींच्या गुरूंचा किस्साही सांगतो, लोक हळहळतात. पण पत्रिकेवर अँथनी गोन्साल्विस यांची रचना अशी ओळ आम्ही वाचलेली नाही. किस्सा वाजतो, कंचेर्तो वाजत नाही. ज्यानं आयुष्यभर कागदावर सूर लिहिले त्याच्या बाबतीत आदरांजलीची एकच रीत खरी : ते कागद शोधायचे, वादकांपुढे ठेवायचे आणि वाजवायचे. त्याला तालीम लागते, चेलो वाजवणारे लागतात, पैसा लागतो. हार आणि समई स्वस्त पडतात.

हे आमच्या आयोजकांनाही लागू आहे, हे आम्ही त्यांच्यासमोरच बोलून घेतो.

आता ऐकण्याचा भाग. १९५५ च्या 'श्री ४२०'मधलं पावसातलं, एका छत्रीतलं द्वंद्वगीत लावायला सांगितलं आहे. संगीत शंकर-जयकिशन यांचं, वाद्यवृंदाच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा. आमची एकच विनंती : गाणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ओळ जिथे संपते तिथे थांबा आणि व्हायोलिनचा ताफा काय उत्तर देतो ते बघा. मग पुढच्या ओळीत तोच ताफा आवाजाच्या खाली कुठे जातो, त्याचा माग काढा. पहिल्या खेपेला जमणार नाही, लताबाई आणि मन्नादा आपल्याला ओढून नेतीलच. म्हणून ते दोनदा लावणार आहोत.